घंटादान

"पानावर बसलीस की मौन धरायचं, वैजू. मग कानावर काहीही येवो. हूं नाही, चूं नाही, हातवारेसुद्धा नाहीत."

आईचा हा आवाज ऐकायला वैजयंतीबाई देशिंगकरांना कधी मशीन लागलं नाही. साठीनंतर बाकीचे आवाज एकेक करून विरत गेले, आधी चिमण्या, मग कुकरची शिट्टी, मग फोनवरची नात. पण हा एक आवाज जसाच्या तसा राहिला. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज दुपारी साडेबाराला त्या पानावर बसत, अन्नाला नमस्कार करत आणि शेवटचा ताकभात संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढत नसत. यंदाचं सदतिसावं वर्ष. कॉलनीतल्या बायका एकमेकींना सांगत, "व्रत पाहावं तर देशिंगकरकाकूंचं!" आणि खोटं कशाला बोला, हे कानावर आलं की काकूंना बरं वाटे.

यंदा त्या उद्यापन करणार होत्या. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान देतात. जो आवाज इतकी वर्षं देवापाशी ठेवला तो घंटेतून जगाला परत करायचा, असा त्यातला भाव. हातात धरून वाजवायची वीतभर उंचीची पितळी घंटा त्यांनी दिवाळीआधीच आणली होती आणि देवघरात खणानं झाकून ठेवली होती. द्वादशीला गुरुजी यायचे होते.

समन्स आलं तेही द्वादशीचंच.

मोबाइलवर ते आठ दिवस येऊन पडलं होतं. वैजयंतीबाईंनी ते उघडलं नव्हतं. म्हणून पोलीस ठाण्यातल्या मुजावर हवालदारबाई कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"इथं सही करा काकू. तुम्ही मोबाइलवरचं बघितलं नाही, मला उन्हातनं यावं लागलं."

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळायचं काय त्यात? सोमवारी अडीच वाजता कोर्टात यायचं, साक्ष द्यायची. आणि येताना हे आणायचं." त्यांचं बोट दुसऱ्या परिच्छेदावर टेकलं. 'साक्षीदाराने आपले अवधान कंपनीचे श्रवणयंत्र पेटीसह, सोळा ऑगस्टच्या नोंदीत कोणताही फेरफार न करता, न्यायालयासमोर हजर करावे.'

"पण मी तेव्हाच सांगितलं होतं ना तुम्हाला? जेवताना मशीन काढून ठेवते म्हणून."

मुजावरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं. पण शर्वरीनं वकिलांना वेगळं सांगितलंय. म्हणाली, जेवणाचं सेटिंग मीच करून दिलंय काकूंना. त्या मशीन काढत नाहीत."

वैजयंतीबाईंनी दाखवलेल्या जागी सही केली.

"आणि आणखी एक म्हणाली. 'काकू खोटं बोलत नाहीत. घाबरल्या असतील.'"

मुजावरबाई गेल्या. काकू कागद हातात धरून उंबऱ्यात तशाच उभ्या राहिल्या. त्या मुलीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. शिव्यांना उत्तर देता येतं.

शर्वरी ही शेजारच्या आवटींची सून. देशिंगकर आणि आवटी यांच्या घरांची एक भिंत सामाईक होती आणि बावीस वर्षांत त्या भिंतीवरून वाटी गेली नाही असा सण नव्हता. सुलभा आवटी म्हणजे वैजयंतीबाईंची भजनातली जोडीदारीण. त्यांचा मुलगा अद्वैत. त्याची बायको शर्वरी श्रावणात गच्चीच्या जिन्यावरून खाली पडली. आवटी म्हणत, जिना ओला होता, पाय घसरला. शर्वरी म्हणे, ढकललं. तिचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि ती आता तासगावला माहेरी अंथरुणावर होती. तिच्या म्हणण्याला साक्षीदार कोणी नव्हतं. होती ती एक भिंत, आणि भिंतीपलीकडे जेवायला बसलेल्या काकू.

आता या मशीनविषयी चार शब्द सांगायला हवेत. जुनी श्रवणयंत्रं सरसकट सगळे आवाज मोठे करत. मंडपात बसलं की कीर्तनकाराबरोबर भांड्यांचा खडखडाटही कानात शिरे. नव्या यंत्राची गोष्ट निराळी. गर्दीत आपण एकाच माणसाचं बोलणं मन लावून ऐकतो तेव्हा मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी त्या आवाजाच्या चढउताराशी ताल धरतात; भजनात बसलेल्याचं बोट नकळत मांडीवर ठेका धरतं, तशा. कानाच्या नळीच्या कातडीला टेकलेल्या तिळाएवढ्या पट्ट्या हा ताल टिपतात. कोणत्या आवाजाकडे मन गेलंय ते यंत्राला कळतं आणि तेवढाच आवाज ते उचलून देतं. माणसाची सवय शिकत जावी म्हणून यंत्राची पेटी वर्षभराच्या नोंदी ठेवते. मन गेलं त्या आवाजाचे तुकडे राहतात. ज्याच्याकडे लक्षच गेलं नाही ते वाहून जातं. बोटानं आवाज कधी कमी केला, कधी वाढवला, तेही मिनिटासकट राहतं.

सोय म्हणून निघालेली ही गोष्ट. पहिल्या वर्षी तर नुसती गंमतच झाली. तपासणीला गेल्यावर कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर रेघा दाखवल्या आणि म्हणाल्या, "काकू, गोकुळाष्टमीच्या कीर्तनात तुमचं निम्मं लक्ष मागच्या बायकांच्या कुजबुजीकडे होतं हो!" काकू लाजून हसल्या होत्या. पुढं एका खटल्यात न्यायालयानं ही पेटी दस्तऐवज मानली, आणि साक्षीदारांच्या कैक पिढ्यांना तारून नेलेलं एक वाक्य संपलं. 'माझं लक्ष नव्हतं' असं आता म्हणता येत नव्हतं. आरोपीला गप्प बसायचा हक्क असतो. साक्षीदाराला नसतो. समन्स आलं की त्यानं जायचं, आणि मागतील ती वस्तू पुढं ठेवायची.

हे मशीन हातात आलं तेव्हा काकूंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शर्वरी दुपारच्या त्यांच्याकडे वाती वळायला येई, तिनंच शिकवलं. पापड चावला की कानात उसाचा चरक फिरतो, अशी काकूंची तक्रार होती. शर्वरीनं जेवणासाठी वेगळं सेटिंग करून दिलं.

"आता चावण्याचा आवाज येणार नाही. आणि कानामागे दोनदा टिचकी मारलीत ना, की बाहेरचाही बंद. तुमचंही मौन आणि जगाचंही मौन!"

"भारी आहेस गं."

"मग! सासूबाईंना सांगा जरा तसं."

दोघी हसल्या होत्या. आषाढातल्या एका दुपारी मात्र शर्वरी हसली नाही. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या वर निळा वळ उमटला होता. कापूस पिंजता पिंजता तिनं खाली मान घालून विचारलं, "काकू, भिंतीतून तुम्हाला ऐकू येतं ना?"

"येतं थोडंफार."

"कधी कुणी विचारलं तर सांगाल?"

"सांगेन."

"देवापुढं बोलताय हं."

"देवापुढंच बसलेय ना मी? सांगेन म्हटलं की सांगेन."

एवढंच. वात वळून झाली, तिनं ती डब्यात ठेवली.

सोळा ऑगस्टला वैजयंतीबाईंनी पानात भात वाढून घेतला तेव्हा बारा चाळीस झाले होते. भिंतीपलीकडे आधी अद्वैतचा आवाज चढला. शर्वरीला हुबळीला नोकरी लागली होती आणि ती जायचं म्हणत होती, एवढं काकूंना माहीत होतं. मग जिन्यावर पावलं. मग शर्वरीचा आवाज, "हात सोड, अद्वैत, पडेन मी." आणि मग सुलभाचा, अगदी स्पष्ट:

"दार लाव आधी. आणि ओरडू दे तिला, वैजू जेवायला बसलीय. ती उठायची नाही."

काकूंचा घास हातातच राहिला. तेवढ्यात धडधड झाली. आणि मग, "काकू! काकू!" तिसऱ्यांदा "काकू" म्हणताना आवाज बारीक झाला होता.

वैजयंतीबाईंनी डावा हात वर नेला आणि कानामागे दोनदा टिचकी मारली.

मग त्या जेवल्या. त्या दिवशी त्यांनी ताकभातसुद्धा घेतला. पान उचललं, जागा पुसली, देवाला नमस्कार केला, आणि मग खिडकीतून पाहिलं तर आवटींच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती.

आठवड्याभरात मुजावरबाई विचारायला आल्या तेव्हा काकूंच्या तोंडून आपसूक निघालं, "जेवताना मी मशीन काढून ठेवते हो. मौन असतं माझं." बाजूला सुलभा उभी होती. तिनं हलकेच मान हलवली होती.

समन्सचा कागद आल्याचं सुलभाला कळायला दोन तासही लागले नाहीत. ती खिरीची वाटी घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि पाटावर बसली.

"जाणार आहेस?"

"जावं लागतं म्हणे."

"जा की. मशीन बिघडलंय म्हणून सांग. म्हाताऱ्या माणसांच्या हातून पडतात वस्तू."

वैजयंतीबाई निवडायला घेतलेली मेथी निवडत राहिल्या.

"वैजू, तुझ्या ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात तुझ्याबरोबर कोण बसलं होतं? तुझा निनाद तर हैदराबादेतून चौथ्या दिवशी उगवला."

"तू बसली होतीस."

"मग? मला एकच लेक आहे."

"तिच्या आईलाही एकच आहे, सुलभा."

सुलभा पाटासकट पुढं सरकली. मग तिनं आवाज खाली आणला. बावीस वर्षांच्या मैत्रिणीलाच ठाऊक असतं कुठं बोट ठेवायचं ते. "बरं, सांगितलंस सगळं. मग ते विचारतील, ऐकलं होतंत तर उठला का नाही? भरल्या कोर्टात विचारतील. काय सांगशील? व्रत होतं म्हणून? सदतीस वर्षांचं पुण्य कोर्टाच्या पायरीवर ओतायचंय का तुला? तोंड कुठं लपवशील?"

खीर तशीच राहिली. संध्याकाळी तिच्यावर साय धरली.

निनादचा फोन आला तो समजूत काढायलाच. "आई, सुलभामावशींनी सांगितलं मला. हे बघ, पेटीच्या तळाला बारीक भोक आहे. त्यात टाचणी घाल आणि दहा आकडे मोज."

"मग काय होतं?"

"मग काही राहत नाही. कोरी होते पेटी. चुकून झालं म्हणायचं. सदुसष्ट वर्षांच्या बाईला कुणी तुरुंगात घालत नाही."

"फेरफार करू नका असं लिहिलंय रे त्यात."

"लिहितात तसं. आई, तू देवाधर्माची बाई. तुला त्या पिंजऱ्यात उभं करून कुणी वाटेल ते विचारावं, हे मला सहन नाही होणार."

फोन ठेवल्यावर वैजयंतीबाईंनी टाचणी खरोखरच काढली. पदराला लावलेलीच होती. देवघरासमोर पेटी उपडी केली, भोक सापडलं. पण टाचणी घालण्याआधी त्यांना वाटलं, एकदा बघावं तरी. आपण काय पुसतोय ते तरी कळू दे.

शर्वरीनं मोबाइलवर नोंदी कशा बघायच्या ते दाखवून ठेवलं होतं. सोळा ऑगस्ट. बारा एकेचाळीसला एक हिरवी रेघ सरळ उभी चढली होती, इतकी उंच की वर्षभरात दुसरी तेवढी नव्हती. नातीच्या आवाजालाही मन एवढं धावलं नव्हतं. तिच्यावर बोट ठेवलं की आवाज येई. हात सोड, अद्वैत. दार लाव आधी. वैजू जेवायला बसलीय. काकू. काकू. पुढं एक छोटा ठिपका होता, 'आवाज बंद, स्पर्शाने'. त्यानंतर चोवीस मिनिटं कोरी पाटी.

लक्ष नव्हतं कसं? सगळं लक्ष तिथंच होतं.

व्रत आड आलं, असं तीन महिने त्या मनाला सांगत आल्या होत्या. काही विचार न करता त्यांनी नोंदी आणखी मागे सरकवल्या. पाच ऑगस्ट, बारा पन्नास. दाराची बेल. आणि लगेच त्यांचा स्वतःचाच आवाज, तोंडात घास असलेला: "थांबा हो, आले, आले!" कुरियरवाला होता. नातीच्या फोटोंचं पाकीट घेऊन आला होता. त्या पाकिटासाठी त्या उठल्या होत्या, बोलल्या होत्या, आणि परत येऊन पानावर बसल्या होत्या. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा नाही.

वैजयंतीबाईंना एवढी लाज वाटली की घरात कुणी नसताना त्यांनी पदर तोंडाशी धरला.

आईचं वाक्य 'हातवारेसुद्धा नाहीत' इथं संपत नव्हतं. ते त्या विसरल्या होत्या असंही नाही. सोयीचं तेवढं त्यांनी जवळ ठेवलं होतं. आई पुढं म्हणाली होती, "पण कुणी अडल्यानं हाक मारली तर उठायचं. त्यानं व्रत मोडत नाही, न उठल्यानं मोडतं." आणि शेजारच्या बायजाला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा आई तोंडातला घास टाकून खरकट्या हातानं धावली होती. नऊ वर्षांच्या वैजूनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पानावर माश्या बसू नयेत म्हणून तीच ताट झाकून बसली होती.

त्यांनी टाचणी पदराला परत लावली. मग मुजावरबाईंचा नंबर फिरवला.

"मी मशीन काढलं नव्हतं त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. मग, "मला नका सांगू काकू. सरकारी वकिलांना सांगा, आणि मग शपथ घेऊन साहेबांना सांगा. माझ्याकडच्या जबाबावर तुमची सही नाही, ते सुधारता येतं. तिथलं सुधारता येत नाही."

"ते विचारतील का हो, उठला का नाहीत म्हणून?"

"विचारतीलच. आरोपीचा वकील पहिलं तेच विचारेल."

"हं." काकूंनी पेटी सुलटी करून ठेवली. "शर्वरी येणार आहे त्या दिवशी?"

"चाकाच्या खुर्चीवरनं आणतात तिला. आई असते सोबत. त्या धसक्यानं तिला कुणाला हाक मारायची झाली तरी आवाज फुटत नाही अजून नीट."

द्वादशीच्या सकाळी काकूंनी गुरुजींना येऊ नका म्हणून कळवलं. गुरुजी गोंधळले. "मुहूर्त टळेल, काकू. घंटा कुणाला देणार मग?"

"बघते," त्या म्हणाल्या. "ज्याची त्याला देईन. घेतली तर."

पूजा केली, नंदादीप लावला. वात शर्वरीनं वळलेल्या डब्यातलीच होती. शेवटच्या दहा-बारा उरल्या होत्या. एकादशीचं पारणं दोन घासांवर सोडलं. मग कानातून मशीन काढलं, पुसलं आणि पेटीत बंद केलं. नव्या आवाजांची त्यात भर नको. जग एकदम कापसात गुंडाळल्यासारखं झालं. समन्सचा कागद, पेटी आणि खणात बांधलेली घंटा त्यांनी कापडी पिशवीत ठेवली. निनादला दोन ओळी पाठवल्या: 'जाते आहे. तिला शब्द दिला होता.' कुलूप लावलं.

कोपऱ्यावर रिक्षा सांगून ठेवली होती. वाटेत आवटींचं फाटक. सुलभा तुळशीपाशी उसाचं मखर बांधत पाठमोरी उभी होती. तिला कळू न देता पुढं जावं, असं काकूंच्या मनात होतं. कुणावर मिरवायला त्या निघाल्या नव्हत्या. मान खाली घालून, चपला न वाजवता त्या चालू लागल्या.

पण सुलभानं वळून पाहिलं. समोरच्या ओट्यावरचा कुत्राही कान टवकारून उठला. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि कुणीतरी खाली डोकावलं. वैजयंतीबाईंना कळेना, सगळे बघतायत काय? त्यांनी पिशवीकडे पाहिलं. खणाची गाठ सुटली होती. घंटेचा लोळा मोकळा झाला होता आणि प्रत्येक पावलाला इकडून तिकडे आपटत होता. त्यांना स्वतःला काही ऐकू येत नव्हतं.

सुलभाच्या हातातला ऊस खाली आला होता. दोघींची नजर भेटली. पिशवीत हात घालून लोळा मुठीत धरला असता तर पुरे होतं. काकूंचा हात पिशवीच्या तोंडाशी गेलाही.

मग त्यांनी तो काढून घेतला, पदर सावरला आणि रिक्षाच्या दिशेनं चालू लागल्या. अजून पंचवीस-तीस पावलं होती.